आमटीचा ताळेबंद

महिन्याच्या पंचवीस तारखेपासून पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंतचा स्वयंपाक ही एक स्वतंत्र पाककला आहे. तिच्या स्पर्धा भरत नाहीत, तिला बक्षिसं मिळत नाहीत. पाककृतींच्या पुस्तकात आधी 'साहित्य' लिहिलेलं असतं आणि मग 'कृती'. या स्वयंपाकात मात्र साहित्याची यादी वाण्याकडे जात नाही, ती डब्यांची झाकणं उघडून बघून ठरते. तुरीच्या डब्यात तळाशी दोन मुठी डाळ, अर्धा कांदा, कोपऱ्यात गूळ, परातीत कालच्या तीन पोळ्या. आता यातून चार माणसांचं पोट भरायचं आणि शिवाय चौघांनी 'आज काय केलंयस गं?' असं आनंदानं विचारायचं. जमाखर्चात माझं आयुष्य गेलं, पण याहून अवघड ताळेबंद मी पाहिलेला नाही.

तारखा मी उगीच घेतलेल्या नाहीत. वेतनाच्या १९३६ च्या कायद्यात हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यांना पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि त्याहून मोठ्या कारखान्यांना दहा तारखेपर्यंत पगार देण्याची मुदत होती. पिंपरी-चिंचवडमधल्या घराघरांतल्या चुली या मुदतीवर चालत. मी बँकेत अधिकारी म्हणून बदली होऊन इथं आले ती १९८० च्या दशकात, आणि संत तुकाराम नगरात भाड्यानं राहू लागले. पगाराच्या दिवशी काउंटरसमोर लागणारी रांग आणि त्या संध्याकाळी आमच्या जिन्यात येणारा वास, या दोन्ही गोष्टी मी एकदमच शिकले. पहिल्या आठवड्यात जिन्यात मटणाचा, मासळीचा वास असे. तिसऱ्या आठवड्यात तो लसणाच्या फोडणीवर येई. पंचवीस तारखेनंतर भाकरी भाजल्याचा आणि मिरची खरपूस परतल्याचा. कुणाच्या घरी किती ओढ आहे हे पासबुक न बघता कळत असे.

नव्या वाचकांना सांगायला हवं की ही वस्ती कारखान्यांनी वसवलेली आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली. पुढं टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, भोसरीच्या औद्योगिक क्षेत्रात लहान लहान वर्कशॉपं उभी राहिली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. २०२२ साली इथून मेट्रो धावू लागली आणि आमच्या नगराचं नाव स्टेशनावर झळकलं. पण या सगळ्या काळात इथं येणारा माणूस कुठून ना कुठून गाव सोडूनच आलेला. त्यामुळं आमच्या एका इमारतीत जळगाव, बीड, सांगली आणि रत्नागिरी असे चार जिल्हे एकाच जिन्यानं वरखाली करत. पलीकडं पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं होतीच. प्रत्येकानं गावाहून आणलेल्या पेटीत कपडे थोडे असतील, पण टंचाईत काय शिजवायचं याचं शहाणपण मात्र भरपूर होतं.

वस्तीला नाव आहे तेही अर्थपूर्ण आहे. देहू इथून फार लांब नाही. तुकोबांना आपण टाळ-मृदंगात पाहतो, पण घराण्याचा व्यवसाय वाण्याचा, सावकारीचा होता हे विसरतो. १६३० च्या सुमाराला दख्खनेत पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, असं परंपरा सांगते. पुढं आपल्या वाट्याची कर्जखती त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असंही सांगतात. बँकेत वसुलीचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट ऐकताना जरा कानकोंडं व्हायचं, ते सोडा. पण ज्याच्या घरात माणूस भुकेनं गेलं, त्याच्या नावाच्या वस्तीत अन्नाबद्दल लिहिताना शब्द जपून वापरावेत, एवढं मला वाटतं. काटकसर म्हणजे उपासमारीचं गोड नाव नव्हे.

आता त्या जिन्यातल्या शहाणपणाकडं वळू.

जळगावच्या वहिनी कळण्याची भाकरी करत. चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद, थोडं मीठ, असं एकत्र दळून आणायचं. भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. भाजीची गरजच नाही, कारण डाळ भाकरीतच आहे. बीडच्या काकूंकडं येसर असे. गहू, हरभराडाळ आणि मसाले भाजून केलेलं हे पीठ दोन चमचे पाण्यात कालवून उकळत्या फोडणीत सोडलं की डाळीचा कणही न घालता दाट, खमंग आमटी तयार. रत्नागिरीच्या मावशींचं कुळथाचं पिठलं तर दहा मिनिटांत होई. त्याच कुळथाला घाटावर आम्ही हुलगा म्हणतो. जुन्नर-नगरकडं हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं, मीठ घालून घट्ट मळतात, त्याची वेढणी वळतात आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात शिजवतात. हे शेंगोळे. वरचा रस्सा वेगळा करावा लागत नाही, पिठानंच तो दाट होतो. थंडीत एवढ्या एका भांड्यावर जेवण आटोपतं.

सांगलीच्या ताईंचं वाक्य मी पुढं एका कादंबरीतल्या पात्राच्या तोंडी घातलं. डाळ महागल्याची तक्रार मी केली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अहो, डाळ महागली म्हणून आमटी थांबत नाही. पाणी अजून फुकट हाय." त्यांची आमटी खरोखरच पातळ असे, पण तिच्यात शेंगदाण्याचं कूट असे, चिंचेचं बोट असे, गुळाचा खडा असे, आणि वरून लसणाची अशी फोडणी, की शेजारच्या घरातली मुलं ताट घेऊन येत.

या फोडणीतच सगळी गोम आहे. चव पैशानं विकत मिळते हा आपला समज हॉटेलांनी करून दिलेला आहे. आपल्या जिभेला चार-पाच गोष्टी हव्या असतात: मीठ, आंबट, गोडाचा स्पर्श, तिखट, आणि भाजलेल्या-परतलेल्या पदार्थाचा खमंगपणा. यातलं काहीच महाग नाही. चिंच, आमसूल, गूळ, लसूण, भाजलेले तीळ, कारळं, सुकं खोबरं, सगळं चमच्यानं लागतं, वाटीनं नाही. तेलाचंही तसंच. तेच दोन चमचे तेल सबंध भाजीत मुरवलं तर दिसतही नाही. शेवटी कडकडीत फोडणी करून वर ओतलं तर पहिल्या घासापासून कळतं. गरिबाच्या स्वयंपाकात फोडणी वरून घालतात, त्यामागं हा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट पिठाची. पालेभाजीला हरभऱ्याचं पीठ पेरायचं, म्हणजे एक जुडी चौघांना पुरते आणि डाळही पोटात जाते. आमच्या सिंधी शेजारणींची साईभाजी हेच काम दुसऱ्या वाटेनं करते. हरभराडाळ, पालक, थोडा चुका आणि घरात उरलेली एकेक भाजी, सगळं एकत्र शिजवून घोटायचं. धान्य आणि डाळ एकत्र खाल्लं की दोघांतली प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात, असं आहारशास्त्र सांगतं. धान्यात जे कमी ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. वरण-भात, झुणका-भाकर, खिचडी, कळणं ही सगळी या नियमाची घरगुती रूपं. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. तेव्हा आमटीतलं दाण्याचं कूट हे काही नुसतं दाटपणासाठी नसतं.

एक नमुना सविस्तर देते, कारण बिकट दिवसांसाठी मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो. चकोल्या, म्हणजेच वरणफळं. चार माणसांना एक वाटी तूरडाळ मऊ शिजवावी. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, लसूण यांची फोडणी करून डाळ त्यात सैल करावी. तिखट, गोडा मसाला, दोन आमसुलं, गुळाचा खडा आणि मीठ घालून उकळू द्यावं. दोन वाट्या कणीक घट्ट मळून पोळी लाटावी, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून ते एकेक करून उकळत्या वरणात सोडावेत. झाकण ठेवून शिजवावेत, वरून कोथिंबीर. एक पातेलं, एक शेगडी, भाजी नाही, पोळ्या भाजणं नाही. असलं तर चमचाभर तूप. वाटी-चमच्याचं माप मी मुद्दाम दिलं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली हेच माप पुस्तकात आणलं आणि ज्यांच्या घरी तराजू नव्हता त्यांनाही स्वयंपाक शिकवला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की आता कोण एवढं अडलंय? तर थोडे आकडे पाहू. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ साली कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला: कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा. आपल्याकडं १९९९-२००० च्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा ४८ टक्के होता, २०२२-२३ च्या पाहणीत तो ३९ टक्क्यांवर आला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या ३९ टक्क्यांच्या आत डोकावलं तर धान्यावर चार टक्क्यांहूनही कमी खर्च होतो, आणि पेयं, तयार व पाकीटबंद खाणं यांवर दहा टक्क्यांच्या वर. म्हणजे आपण काटकसर करायला बसतो डाळीत, आणि पैसा गळतो पाकिटांतून. महिनाअखेरीला तूरडाळ अर्धी करणाऱ्या घरात बिस्किटांचे पुडे आणि नूडल्सची पाकिटं तशीच येत असतात. बँकेत आम्ही याला चुकीच्या खात्यातली कपात म्हटलं असतं.

भाव उसळतात तेव्हाही हेच तारतम्य उपयोगी पडतं. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, २०१९ च्या डिसेंबरात कांद्यानं शंभरी ओलांडली. अशा वेळी वस्तूला चिकटून न राहता तिच्या कामाला चिकटावं. डाळीचं काम प्रथिनं देण्याचं. ते मटकी, हुलगा, चवळी, मसूर यांपैकी जे स्वस्त असेल ते करील. कांद्याचं काम रश्श्याला अंग देण्याचं. ते दाण्याचं कूट, भाजलेलं बेसन किंवा कोबीचा बारीक कीसही करतो. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी होते. उरलेल्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताची फोडणी तर न्याहारीचा प्रश्नच मिटवतात.

आता मूळ मुद्द्याकडं येते. तो जरा कडू आहे.

स्वस्त जेवणाचा हिशेब आपण करतो तो एकाच रकान्यात, पैशांच्या. खरं तर रकाने तीन हवेत. दुसरा रकाना इंधनाचा. कडधान्य रात्री भिजत घातलं नाही तर शेगडी दुप्पट वेळ जळते. झाकण न ठेवता शिजवलेला पदार्थ सिलिंडर खातो. कुकरमध्ये डाळीच्या वर भात आणि बटाटे ठेवण्याची आपली पद्धत म्हणूनच शहाणपणाची. ही बचत बहुतेक घरांत होते, कारण सिलिंडरचं बिल दिसतं.

तिसरा रकाना वेळेचा आणि तो कुणीच भरत नाही. देशव्यापी वेळ-वापर पाहणी २०१९ साली झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं तीत आढळलं. जवळजवळ पाच तास. घरात निवडलेलं, घरात कांडलेलं, घरात वाटलेलं म्हणून जे स्वस्त पडतं, ते या पाच तासांमुळं. बाजारात त्या श्रमाला भाव आहे, घरात तो शून्य धरलेला आहे. नोकरी करून घरी आल्यावर ओट्यापाशी उभं राहणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी बायकांना 'घरचं किती स्वस्त पडतं, नाही?' हे वाक्य ऐकताना जे वाटतं, ते या शून्याबद्दल असतं.

आणि एक चौथा रकाना आहे, तो सर्वांत आतला. आमच्या इमारतीतल्या एक वहिनी अतिशय काटकसरी म्हणून प्रसिद्ध होत्या. नवऱ्याची कंत्राटी नोकरी, तीन मुलं, तरी ताटात रोज काहीतरी चविष्ट. एका दुपारी त्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फारच खाली. विचारता विचारता कळलं, की सगळ्यांचं झाल्यावर त्या बसत आणि तेव्हा आमटीचं पातेलं बहुधा रिकामं असे. मग भाकरी, खर्डा आणि वर कपभर चहा. त्या आमटीत जी बचत होत होती ती त्यांच्या अंगातून होत होती. त्या एकट्या नव्हेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि हा आकडा त्याआधीच्या पाहणीपेक्षा वाढलेला होता. रक्तक्षयाला कारणं अनेक असतात, पण शेवटी बसणाऱ्या बाईचं ताट हे त्यांतलं एक आहे. बँकेत जो माणूस भांडवलालाच हात घालून नफा दाखवतो, त्याला आम्ही कर्ज देत नसू.

याच श्रमाची किंमत कुणी मांडली तर काय होतं, हेही महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या हजारो खाणावळवाल्या होत्या. धान्य उधारीवर, सावकाराचं व्याज डोक्यावर, आणि स्वतःची मजुरी हिशेबात कुठंच नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून छोटी कर्जं मिळवून दिली. गहाण ठेवायला त्यांच्याकडं काय होतं? एकीची हमी दुसरी देत होती. मी नोकरीला लागले तेव्हा या गोष्टी ऐकूनच लहान कर्जांकडं पाहायला शिकले. भाजी-भाकरी करणं हे काम आहे, त्याला वेळ, भांडवल आणि कौशल्य लागतं, हे तिथं पहिल्यांदा कागदावर आलं.

आज आमच्या भागातलं चित्र बदललं आहे. कारखाने चाकणकडं सरकले आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्यानं अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन सक्तीचं केलं होतं. लहान वर्कशॉपातल्या कामगाराला मात्र तेव्हाही डबाच होता आणि आताही आहे. खराबवाडी, म्हाळुंग्याला कॉटबेसिसवर राहणारी पोरं एका खोलीत चार-पाच जण असतात. बीड, लातूर, बुलढाणा, तसेच बिहार आणि ओडिशा. पाळीहून आल्यावर वडापाव किंवा पाकिटातल्या नूडल्स, आणि आठवड्यातून दोनदा बाहेरची बिर्याणी. पगारातून गावाकडं काय पाठवायचं हा प्रश्न दर महिन्याला उभा. गावाकडच्या आईला स्वयंपाक येतो, पण तिनं तो मुलीला शिकवला, मुलाला नाही. त्यामुळं मुलाला आता खिशातून त्याची किंमत मोजावी लागते आहे.

या मुलांसाठी आणि कुठल्याही ओढीच्या घरासाठी माझी शिफारस साधी आहे. रविवारी एकदा मंडईत संध्याकाळी जावं, तेव्हा भाव उतरलेले असतात. हंगामाची भाजी घ्यावी. एक बरणी शेंगदाण्याच्या चटणीची, एक भाजलेल्या बेसनाची, एक लसूण-खोबऱ्याच्या तिखटाची करून ठेवावी. रोज रात्री एक वाटी कडधान्य भिजत घालावं, ते ज्याची पाळी असेल त्यानं. मग आठवडा असा बसतो: खिचडी आणि ताक, पिठलं-भात, मटकीची उसळ, पीठ पेरलेली पालेभाजी, चकोल्या, हुलग्याचे शेंगोळे, आणि सातव्या दिवशी उरलेल्या सगळ्यांचं थालीपीठ. पालेभाजीवर लिंबू पिळावं, म्हणजे तिच्यातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नये, तो लोह अडवतो.

आणि दोन नियम, जे कुठल्याच पाककृतीत नसतात. पहिला, घरातल्या ज्या ज्या हाताला बोटं आहेत त्यानं निवडावं, चिरावं, भांडी घासावीत. त्या २९९ आणि ९७ मिनिटांची बेरीज करून दोन समान भाग करणं काही कठीण गणित नाही. दुसरा, वाढण्याआधी आमटी मोजून घ्यावी. घरात पाच माणसं असतील तर पाच वाट्या आधी भरून ठेवाव्यात, करणारीची धरून. मग पातेल्यात उरलं तर हवं त्यानं दुसऱ्यांदा घ्यावं. कमी असलं तर सगळ्यांनाच थोडं थोडं कमी येईल.

त्या चक्कर आलेल्या वहिनींच्या घरी पुढं असंच सुरू झालं. त्यांची थोरली मुलगी पाच वाट्या ओट्यावर मांडून ठेवत असे आणि आईची वाटी आधी भरत असे. आमटी तेवढीच होती, डाळही तेवढीच. पण चव मात्र पूर्वीपेक्षा चांगली झाली असं त्यांचे यजमान म्हणत. त्यांचं मत मी खोडून काढलं नाही. कदाचित पहिल्यांदाच ती करणारी बाई त्यांच्या शेजारी बसून ती जेवत होती.